एकतीस नंबरची काच

भूमला बाहेरची माणसं जातात ती खव्यासाठी. मी गेले एका मुलीला शोधायला. तिचं नाव कुसुम, वय वीस, एवढं मला कागदावरून ठाऊक होतं. तिच्या शरीरातल्या पेशी मी तासभर डोळ्यांखालून घातल्या होत्या. चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता.

माझं काम पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडावरून लाकडी चपट्या काडीने थोडा स्राव खरवडून घेतात, तो काचेच्या पट्टीवर पसरतात, काच स्पिरिटमध्ये बुडवतात आणि रंग देऊन माझ्याकडे पाठवतात. मी सूक्ष्मदर्शकाखाली ती बघते. त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशीच्या हिवाळ्यात, आमच्या पथकाने भूम तालुक्यातल्या एका गावात सहकारी दूध संस्थेच्या शेडमध्ये शिबिर घेतलं होतं. मी गेले नव्हते. माझ्याकडे फक्त काचा आल्या.

एकतिसाव्या काचेवर मी थांबले. पेशींच्या केंद्राभोवती पोकळ कडी पडली होती, दिव्याभोवती धुक्यात तेजाचं वलय दिसावं तशी. काही पेशी याच्याही फार पुढे गेलेल्या, वेड्यावाकड्या, काळ्या केंद्रांच्या. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “परदेशात आता म्हणायला लागलेत की हे एका विषाणूचं काम आहे, चामखिळीच्या विषाणूच्या भाऊबंदांपैकी. विषाणू आपल्याला दिसत नाही. त्याने पेशीत केलेलं घर तेवढं दिसतं. या मुलीला ताबडतोब बोलवा.”

मी बोलावलं. माझ्याच अक्षरात पोस्टकार्ड लिहिलं. महिना गेला, दुसरं लिहिलं. उत्तर नाही. शेवटी मे महिन्यात मॅडमनी मलाच पाठवलं. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

भूम

बार्शी सोडली आणि हिरवा रंग संपला. बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, मधूनच एखादं बाभळीचं झाड, आणि रस्त्याच्या कडेने रिकाम्या घागरी घेऊन चाललेल्या बायका. एस.टी.त माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मी खिडकीतून बाहेर बघत होते, ते माझ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “पान्यासाठी आलाव का, सर्वेला?” मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस एकदम संपला.

भूमच्या स्टँडवर टपावरून माझी पेटी उतरवताना ती निसटली आणि आत खळ्ळकन आवाज झाला. कोऱ्या काचांचा अर्धा डबा गेला. मी तिथेच फतकल मारून तुकडे वेचायला बसले, तर छत्री घेतलेली एक बाई समोर उभी राहिली.

“तुमीच का पुण्याच्या बाई? मी विमल. सिस्टर. हात कापंल, सोडा ते.”

विमल सिस्टर मूळच्या अणदूरच्या. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला आणि मुलींना शाळेत घातलं, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच अभिमानाने सांगितलं. आता चार गावांचं काम त्यांच्याकडे होतं. शिबिराच्या दिवशी त्यांना लसीकरणासाठी दुसऱ्या गावी धाडलं होतं, म्हणून त्याही तिथे नव्हत्या.

त्यांच्या दोन खोल्यांत मी मुक्काम केला. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं. माडगं मी पहिल्यांदाच प्याले. काळपट, गरम, लसणाच्या वासाचं. दोन वाट्या प्याले. सकाळी अंघोळीला बादलीच्या तळाशी वीतभर पाणी होतं. पुण्यात आम्ही नळाचं पाणी गार लागेपर्यंत तसंच वाहू देतो. मी त्या वीतभरातलंही निम्मं ठेवून बाहेर आले, तर सिस्टर म्हणाल्या, “सगळं घ्यायचं की. न्हाणीतनं व्हातं ते पाणी मी धरून ठिवते, त्यातच लुगडी धुवायची.” म्हणजे माझ्या अंगावरून गेलेलं पाणी पुढे कपड्यांना जाणार होतं.

बाजारपेठेत खव्याच्या भट्ट्या मात्र चालू होत्या. मोठमोठ्या कढयांत दूध आटत होतं. माणसांना पाणी नव्हतं आणि दूध आटवायला लाकडं होती, याचं मला नवल वाटलं. सिस्टर म्हणाल्या, “दूध हाय म्हणून तर माणसं गावात राहिली.”

दुधाच्या गावी

सकाळची दूध घालायची वेळ संपत आली असताना आम्ही गावात पोचलो. पत्र्याची शेड, दारात वजनकाटा, आणि आत रजिस्टर घेऊन बसलेले संस्थेचे सचिव. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मी कुसुमचं नाव काढलं तसा त्यांचा चेहरा उजळला.

“तुमची कार्डं आली की! दोन्ही. मीच वाचून दाखवली.”

“कुणाला?”

“इथंच. समद्यांसमोर. पत्ता संस्थेचाच व्हता ना. पोस्टमन माझ्याच हाती देतो.”

मी काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. ‘आपल्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाशी गंभीर दोष आढळला आहे. तरी त्वरित यावे.’ उघड्या पोस्टकार्डावर. पाकीट वापरावं हे मला सुचलंच नव्हतं.

“मग ती आली का नाही?” मी विचारलं.

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “आता कशाची येती? धाडली तिला माघारी, बापाकडं. दोन वर्सं झाली, पोरबाळ न्हाय. त्यात हे. भावकी बसली, इचार झाला. ज्ञानोबाचं दुसरं लगीन ठरलंय ह्या जेठात.”

ज्ञानोबा म्हणजे कुसुमचा नवरा. भाऊसाहेब हे सगळं सहज सांगत होते, कुणाची म्हैस विकली गेली हे सांगावं तसं. मी काट्याशेजारच्या रिकाम्या कॅनवर बसले. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातली पेटी घेतली.

आम्ही कुसुमच्या सासरी गेलो. सासू गयाबाई, पन्नाशीच्या पुढची, उंच, कपाळ रिकामं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या कुसुमची सख्खी आत्याही होत्या. तिकडे आत्याच्या घरी भाची देणं हे चांगलं घर मिळालं असं समजतात. आमच्याकडे कुणी असं सुचवलं तर घरात आठवडाभर अबोला होईल. त्यातून कुसुमची आई ती चार वर्षांची असताना वारलेली. आत्यानेच तिला वाढवलेलं.

गयाबाईंनी चहा केला. मला कपबशीत दिला. सिस्टरना कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. सिस्टरनी तो शांतपणे पिऊन, विसळून, जागेवर ठेवला. बाहेर आल्यावर मी रागाने काही बोलायला गेले, तर म्हणाल्या, “चार वर्सांमागं तोबी नव्हता.”

गयाबाईंना मी समजावून सांगितलं की आजार सुरुवातीचा असावा, उपचार आहे, कुसुमला पुण्याला नेलं तर ती वाचेल. त्या ऐकत होत्या. चुलीतलं लाकूड मागे ओढत त्यांनी एवढंच विचारलं, “आन् न्हाय नेलं तर किती दीस?”

“असं सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं. पण फार हाल होतात.”

“लई दुखतं?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. ज्ञानोबा दारातून आत आला, आम्हाला बघून तसाच परत गेला. मला वाटलं, सुनेला घालवून दिल्याची शरम आहे यांना. किती चुकीचं वाटलं होतं!

पाझर तलावावर

कुसुमचे वडील चार कोसांवरच्या गावात राहत. घराला कडी होती. बाप-लेक दोघं रोजगार हमीच्या कामावर गेली होती, पाझर तलाव खणायला. सिस्टरच्या ओळखीच्या एका बैलगाडीवाल्याने आम्हाला तिथवर नेलं.

ते दृश्य मी विसरणार नाही. तापलेल्या माळावर शेकडो माणसं एका खड्ड्यात उतरली होती. पुरुष कुदळी मारत होते, बायका डोक्यावर माती वाहत होत्या. धुळीने सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झाले होते. बाजूला कुडाच्या छपराखाली तान्ही मुलं झोळ्यांत टांगलेली आणि त्यांच्याजवळ एक म्हातारी. आम्ही तिथे थांबलो. मुकादमाने हाक मारली आणि एक किडकिडीत मुलगी टोपलं उपडं करून आमच्याकडे आली.

ही माझी एकतीस नंबर. टपोरे डोळे, हाताला चुनाळ माती, आणि चालणं अगदी ताठ. आजाराचं नावही नव्हतं अंगावर.

मी तिला माझी ओळख सांगितली, कार्ड मीच लिहिल्याचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, “बरं लिवलंय म्हने अक्षर. भाऊसाब सांगत व्हते.”

मी खाली मान घातली. मग तिला धीर यावा म्हणून सिस्टरनी विचारलं, “शिबिरात तुला लई दुखलं का गं? आता परत एकदा तपासावं लागंल, म्हणून इचारते.”

“न्हाय वो. सुई टोचली तेवढंच.”

“कुठं टोचली?”

तिने दंड दाखवला.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या तपासणीत सुई नसतेच. आतला मार्ग उघडा धरणारा चिमटा, स्पेक्युलम, लावतात, बॅटरीच्या उजेडात बघतात, काडीने स्राव घेतात. टेबलावर एकदा पडलेली बाई दंडाला सुई टोचली असं आयुष्यात सांगणार नाही.

आणि तेव्हा मला ती काच पुन्हा आठवली. त्या वाईट पेशींच्या मागे ज्या साध्या पेशी होत्या, त्या वीस वर्षांच्या मुलीच्या नव्हत्या. लहान, गोल, कोवळ्या थरातल्या. तशा पेशी पाळी गेलेल्या बाईच्या काचेवर दिसतात. किंवा ओल्या बाळंतिणीच्या. मी त्या पाहिल्या होत्या. कागदावरचं वय वीस वाचून मी मनाशी म्हटलं होतं, अंगावर पाजत असेल, आणि पुढची काच उचलली होती.

“कुसुम, तुला मूल झालं होतं का? होऊन गेलं?”

“न्हाय.”

“दिवस गेले होते कधी?”

“बाई, त्याच्यापायीच तर धाडली मला.”

मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. एक ओळ लिहून वय पुन्हा तपासा म्हटलं असतं, तर ही मुलगी आज या खड्ड्यात नसती.

“तू टेबलावर गेलीच नव्हतीस,” मी म्हटलं. “कोण गेलं होतं तुझ्या नावानं?”

तिने मान वळवली. झोळीतलं एक मूल रडायला लागलं, म्हातारीने त्याला झोका दिला. सिस्टरनी कुसुमचा मातीने भरलेला हात आपल्या हातात घेतला. “सांग, बाळा. ज्या बाईचं ते हाय, ती मरंल. तुला ठावं हाय ना?”

कुसुम खाली बसली आणि बोलायला लागली. भाऊसाहेबांनी संस्थेच्या सभासदांच्या घरातल्या तरण्या सुनांची नावं लिहून चिठ्ठ्या वाटल्या होत्या. कुसुमची चिठ्ठी आली तेव्हा आत्या म्हणाली, तू भितीस, तुझ्या जागी म्या जाते. पदर तोंडावर ओढून ती आत गेली. कुसुम शेडच्या मागे कडब्याच्या गंजीआड बसून राहिली. सुईचं तिने अंदाजानेच सांगितलं होतं.

“आत्याच्या अंगावर लाल जात व्हतं. दिवाळीपासनं. धडपे धुताना म्या बगितलेलं. पाळी जाऊन लई वर्सं झाली व्हती तिची.”

“आणि कार्ड आलं तेव्हा तू का नाही सांगितलंस?”

“कसं सांगू? त्या दिशी शेवटाला तुमच्यातल्या एक ताई भोंग्यावर बोलल्या ना. ह्यो रोग कशानं व्हतो ते. लई गड्यांशी संबंध आसला की व्हतो म्हनल्या. आत्या रांडमुंड बाई. तिला लोकं काय म्हनली असती?” ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “मला तसंबी वांझ म्हनतातच की. त्यात एक आनखी.”

आमची माणसं पुण्याहून जीप भरून गेली होती. बायकांना वाचवायला. आमच्या भोंग्याने एका विधवेचं तोंड बंद केलं, माझ्या कार्डाने एका मुलीचं घर मोडलं, आणि साठ बायका तपासताना आमच्यातल्या एकीनेही त्या टेबलावरच्या बाईचा पदर बाजूला करून तिचा चेहरा पाहिला नव्हता.

“आत्यानं गप बसायला सांगितलं तुला?” सिस्टरनी विचारलं.

“न्हाय. तिनं एक शब्द न्हाय काढला. मी निघाले तवा नुसती दाराला धरून हुबी व्हती. म्याच गप बसले. तुमी तिचं नाव नका घेऊ. तिला पुण्याला न्या, पर माझंच नाव सांगून न्या.”

सिस्टरनी छपराला चादर लावून तिचीही तपासणी केली, फुटक्या डब्यात उरलेल्या काचांपैकी एकीवर. आत सगळं निरोगी दिसत होतं. ती काच पुढे मी स्वतः पाहिली. कुठे एक डाग नव्हता.

पुन्हा दुधाच्या गावी

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई घरात एकट्याच होत्या, शेंगा फोडत. आम्ही दार लोटून घेतलं आणि समोर बसलो. काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं. त्यातलं काही बोलावं लागलं नाही.

“पोरगी भेटली?” त्यांनी विचारलं.

“भेटली.”

“सांगितलं तिनं?”

“आम्ही ओळखलं. तिनं तुमचं नाव घेऊ नका म्हणून विनवलं.”

शेंगा फोडणारे हात थांबले. त्यांनी टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, “म्या ठरिवलं व्हतं. म्या मेल्यावर ज्ञानोबानं तिला माघारी आनायची. लगीन लांबवत आले. ह्या म्हयन्यात तिथी न्हाय, त्या म्हयन्यात नवरीचा मामा न्हाय, असं करत. मला वाटलं दोन-चार म्हयन्यांत मरंन. मरनंच ईना.”

“त्या दिवशी भावकीपुढं तुम्ही बोलला का नाहीत?”

“तोंड उघडलं व्हतं, बाई. आवाज निघाला न्हाय.” त्या माझ्याजवळ सरकल्या. “तुमी शिकल्या-सवरल्या. खरं सांगा. माझ्या जल्मात एकच गडी. म्या दुसऱ्याची सावली अंगावर पडू दिली न्हाय. मंग मला कामून झालं?”

भोंग्यावरची ती वाक्यं मी मनातल्या मनात शंभरदा परत घेतली असतील. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. हे एका विषाणूमुळे होत असावं असं आता मोठे डॉक्टर म्हणतात. तो नवऱ्याकडूनही येतो. एकदा आला की वीस-वीस, तीस-तीस वर्षं मुकाट अंगात बसून राहतो, आणि कधीतरी डोकं वर काढतो. तो असला म्हणून बाईचं काही चुकलं, असं मुळीच नाही.

“मंजी त्यांच्यापासनं?” भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. त्या वळून बघू लागल्या. “बारा वर्सं म्या ह्यांना हार घालतीया. आन् हे माझ्या अंगात ह्ये ठिवून गेले?”

“त्यांनाही ठाऊक नसणार, गयाबाई. पुरुषाला काही कळतही नाही.”

“व्हय. त्यांस्नी कधी काय कळलं न्हाय,” त्या म्हणाल्या. आणि मग रडल्या. सिस्टर उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, तर गयाबाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेवढ्या वेळात त्यांना विटाळ आठवला नसावा.

मी म्हटलं, कुणाला काही न सांगता उद्या आमच्याबरोबर चला. काहीतरी कारण सांगू, दातांचं, डोळ्यांचं. त्यांनी डोळे पुसले. “आन् पोरगी तिथं माती वाहील? न्हाय. सकाळी दूध घालाय येते म्या. तुमीबी या.”

सकाळी शेडसमोर रांग लागली होती. माणसं, बायका, किटल्या, चरव्या. ज्ञानोबा पुढे होता, त्याच्या मागे तीन-चार माणसं सोडून गयाबाई. भाऊसाहेब दुधात काचेची नळी बुडवून आकडा पुकारत होते. गयाबाईंचा नंबर आला. त्यांनी किटली काट्यावर ठेवली नाही, जमिनीवर ठेवली.

“भाऊसाब, तुमी ते कार्ड समद्यांसमोर वाचलं व्हतं. आता म्या सांगते ते बी समद्यांसमोर ऐका. ते माझं व्हतं. तपासायला म्या गेले व्हते, कुसुमच्या नावानं. तिला कायबी झालेलं न्हाय. रोग माझ्या अंगात हाय.”

नळी भाऊसाहेबांच्या हातात तशीच राहिली. भावकीतले एक म्हातारे पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “गया, घरी चल. हे बोलायची जागा न्हाय ही.”

“घरात गप बसले म्हनून तर हे झालं, दादा.”

ज्ञानोबाचा चेहरा मी बघत होते. आधी तो लाल झाला, मग एकदम पोरासारखा दिसू लागला. तो आईजवळ आला, काहीतरी म्हणायला गेला, आणि नुसताच तिची किटली उचलून उभा राहिला.

हा धक्का मी पचवते आहे तोच मागून एक बाई सिस्टरजवळ सरकली. “सिस्टर, माझ्या चिठ्ठीवर बी जावेचं नाव व्हतं. तिला सोडंनात घरचे.” पाठोपाठ दुसरी आली. तिच्या नावावर तिची आई येऊन गेली होती, शेजारच्या गावाहून. तिसरीने तर मैत्रिणीबरोबर चिठ्ठीची अदलाबदल केली होती, कारण तिला दुपारी लवकर मोकळं व्हायचं होतं. मी वहीत ज्या यादीवर रेघ ओढून, सही करून, फाइल बंद केली होती, ती यादी माझ्या डोळ्यांसमोर ढासळत होती. कुठल्या काचेवर कुणाच्या पेशी होत्या, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तो सगळा दिवस सिस्टर आणि मी शेडच्या सावलीत बसून एकेकीला विचारत होतो, तोंड बघून नाव लिहीत होतो. सातजणी निघाल्या. आणखी किती बोलल्या नाहीत, देव जाणे.

संध्याकाळ व्हायच्या आत ज्ञानोबा सायकलवरून सासऱ्याच्या गावी गेला. कुसुम आली, पण त्याच्या सायकलवर नाही. त्याच बैलगाडीतून, बापाबरोबर. तिने आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “केलंसच शेवटी.” मग आत जाऊन तिने आत्याचं गाठोडं बांधायला घेतलं.

पुणे

मी दोघींना घेऊन परतले. तपासण्या झाल्या. आजार गर्भाशयाच्या तोंडापुरताच होता, बाहेर पसरला नव्हता. मॅडम म्हणाल्या, आणखी सहा महिने गेले असते तर काही सांगता आलं नसतं. रेडियमचे उपचार सुरू झाले. गयाबाईंना उलट्या झाल्या, अंगातलं बळ गेलं, पण रक्त थांबलं. कुसुम वॉर्डात चटईवर झोपायची, आत्याचे केस विंचरायची, आणि दुपारी आत्याचा डोळा लागला की माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहायची. मी तिला नवे फॉर्म लावायला दिले. चौथी शिकलेली होती. प्रत्येक फॉर्मवरचं नाव ती मोठ्याने वाचायची.

मॅडमपुढे मी माझी चूक कबूल केली. त्यांनी भोंग्यावरची वाक्यं बदलली, मी पोस्टकार्ड लिहिणं बंद केलं. एवढ्याने कुसुमचे ते दोन महिने भरून निघत नाहीत, हे मला कळतं.

शेवटच्या रविवारी ज्ञानोबा आला. धुतलेला सदरा, हातात खव्याचा पुडा. आईच्या पायाशी बराच वेळ बसला. दुसरं लग्न मोडल्याचं त्याने सांगितलं. मग उठला, व्हरांड्यात आला. मी आणि कुसुम तिथे होतो. मी जायला निघाले तर कुसुमने माझा पदर धरून थांबवलं.

“उद्या आईला सोडनार हाईत,” तो म्हणाला. “चल घरी. झालं गेलं.”

कुसुम त्याच्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. “घरी येनार हाय म्या. पर आत्याच्या संगं. तुमच्या संगं न्हाय.”

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. मला कळलं.

सोमवारी सकाळी मी त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. गाडीला गर्दी होती. गयाबाईंना खिडकीजवळ बसवून कुसुम त्यांच्या शेजारी बसली आणि उरलेल्या जागेवर तिने गाठोडं ठेवलं. ज्ञानोबा दांड्याला धरून उभा होता. कंडक्टर म्हणाला, “बाई, गाठोडं खाली ठिवा, ह्यांना बसू द्या.”

“उभं राहूद्यात त्यांना,” कुसुम म्हणाली. “बार्शीपर्यंत.”